दहा मिनिटांच्या अंतरावरचे अंगण

कोथरूडमधून एका वाचक भगिनींनी लिहिले आहे : ‘आठ महिन्यांपूर्वी आम्ही सांगलीहून पुण्यात आलो. मुलगा साडेचार वर्षांचा आहे आणि मुलगी पावणेदोन वर्षांची. सांगलीच्या घराला अंगण होते. इथे सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे आणि खाली फक्त पार्किंग. रविवारी आम्ही मुलांना मॉलमधल्या खेळघरात नेतो, तासाचे पैसे मोजतो आणि परतताना दोघेही रडत येतात. बागेत न्यावे तर मुलगा एकीकडे पळतो आणि मुलगी दुसरीकडे. धाकटी माती तोंडात घालते, म्हणून सासूबाईंचा बागेला विरोध आहे. मागच्या महिन्यात घसरगुंडीवर एका मोठ्या मुलाने थोरल्याला ढकलले, तेव्हापासून मलाही धास्ती वाटते. पुण्यात लहान मुलांना नेण्याजोग्या जागा कोणत्या आणि तिथे दोघांना सांभाळायचे कसे?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात ‘अंगण’ हा शब्द एकदाच आला आहे, पण मला त्यातच सगळ्या पत्राचे मर्म दिसले. सांगलीला मुलगा अंगणात खेळायचा तेव्हा त्याला कोणी ‘फिरायला’ नेलेले नसायचे. अंगण रोज तिथेच होते, तिथला प्रत्येक दगड त्याच्या ओळखीचा होता आणि काल अर्धवट राहिलेला खेळ त्याला आज पुढे सुरू करता येत होता. खेळघरात मात्र घड्याळ चालू असते, जागा परकी असते आणि दर वेळी समोर येणारी मुले वेगळी असतात. मुले रडत परतली यात मुलांचा दोष नाही आणि तुमचाही नाही. एका तासात सगळे उरकून घ्यायचा ताण मोठ्यांनाही झेपत नाही, मग मुलांना कसा झेपावा? म्हणून पुण्यातली सर्वांत सुंदर बाग कोणती हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा आणि घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर कोणती मोकळी जागा आहे, ते आधी शोधा. जागा साधी असली तरी चालेल, पण तिथे आठवड्यातून चार-पाच संध्याकाळी जाता आले पाहिजे.

पुणे महानगरपालिकेची लहान-मोठी मिळून दोनशेहून अधिक उद्याने आहेत, त्यामुळे अशी जागा तुम्हाला सापडेल याची मला खात्री वाटते. कोथरूडमध्येच तात्यासाहेब थोरात उद्यान आहे, जरा पुढे एरंडवण्यात कमला नेहरू उद्यान आहे आणि कॉलन्यांच्या आतल्या बाजूला, पाटी वाचल्याशिवाय लक्षातही येणार नाहीत, अशा कितीतरी छोट्या बागा आहेत. महापालिकेची बहुतेक उद्याने सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात आणि दुपारी बंद ठेवली जातात. पहिल्या दोन-तीन वेळी मुलांना न घेता एकट्याच जाऊन या. बाकावर बसून पाहा की फाटके किती आहेत, मुलांच्या खेळण्यांभोवती कुंपण आहे का, स्वच्छतागृह उघडे असते की कुलूपबंद, आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला तिथे कोणत्या वयाची मुले येतात. दोन लहान मुलांना एकटीने सांभाळणाऱ्या आईसाठी एकच फाटक असलेली लहान बाग ही चार फाटकांच्या प्रशस्त बागेपेक्षा कितीतरी चांगली, कारण फाटक आणि धाकटी यांच्यामध्ये तुम्ही बसलात की थोरला कुठेही पळाला तरी शेवटी तुमच्यासमोरूनच जाणार असतो.

खेळणी पाहताना रंगरंगोटीकडे पाहू नका, खालची जमीन पाहा. घसरगुंडीच्या आणि झोपाळ्याच्या खाली वाळू, भुसभुशीत माती किंवा जाड रबरी थर असेल तर पडलेले मूल बहुधा कपडे झटकून उठते. तिथे काँक्रीट किंवा फरशी असेल तर तेच पडणे डोक्यावर बेतू शकते. पत्र्याची घसरगुंडी उन्हाळ्यात पाच वाजताही तापलेली असते, म्हणून मुलाला चढवण्यापूर्वी तिला हाताची मागची बाजू लावून पाहावी. धाकटीला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून खाली येण्याचा मोह प्रत्येक आईबापाला होतो, पण कृपया तसे करू नका. मोठ्या माणसाच्या वजनामुळे वेग वाढतो, मुलाचा पाय कडेला अडकला तर तो तिथेच राहतो आणि आपण पुढे घसरतो. तान्ह्या-रांगत्या मुलांच्या नडगीचे हाड मोडण्याचे हे नेहमीचे कारण आहे. तिला तिच्या उंचीची छोटी घसरगुंडी द्या आणि तुम्ही बाजूला उभ्या राहा. ओढणी, गळ्यातला दोरा, टोपीची नाडी या गोष्टी खेळताना काढून ठेवाव्यात. आणखी एका गोष्टीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही : हल्ली बऱ्याच बागांत मुलांच्या खेळण्यांशेजारीच मोठ्यांसाठी खुली व्यायामशाळा असते. त्या लोखंडी यंत्रांचे सांधे लहान बोटांसाठी फार धोक्याचे असतात आणि मुलांना तीच यंत्रे सर्वांत आवडतात. तो भाग मुलांचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. नंतर लावायला गेलात तर रोज भांडण होईल.

आता ढकलाढकलीविषयी. मुलाला कोणी ढकलले की आईच्या पोटात कसे तुटते, हे मी जाणते. माझा मुलगा चार वर्षांचा असताना त्याला झोपाळ्यावरून एकाने ओढून खाली पाडले आणि मी त्या मुलावर इतकी ओरडले की दोन्ही मुले रडू लागली. माझा मुलगा पुढे आठवडाभर झोपाळ्याकडे फिरकला नाही. त्याला पडण्याची भीती बसली नव्हती, माझ्या ओरडण्याची बसली होती. त्यानंतर मी ठरवले की कोणाला इजा होत नसेल तर आधी दहा श्वास थांबायचे. त्या वेळात बहुतेक मुले आपापसांत काहीतरी वाट काढतात, आणि नाही काढली तर जवळ जाऊन दोघांच्या उंचीला बसावे आणि शांतपणे सांगावे, ‘आधी हा, मग तू, मग ती.’ साडेचार वर्षांच्या मुलाला पाळी म्हणजे काय ते समजते, फक्त ते पुन:पुन्हा सांगावे लागते. ‘थांब, माझी पाळी आहे,’ हे वाक्य मोठ्याने म्हणायची तयारी घरी खेळता खेळता करून घ्या. पावणेदोन वर्षांच्या मुलीकडून मात्र वाटून घेण्याची अपेक्षा ठेवू नका. त्या वयाची मुले एकमेकांबरोबर खेळण्याऐवजी एकमेकांशेजारी खेळतात आणि हातातली बादली ही आपल्या हाताचाच भाग आहे अशी त्यांची ठाम समजूत असते. म्हणून खेळणी नेताना दोन बादल्या आणि दोन चमचे न्यावेत.

सासूबाईंच्या विरोधाला मी हट्ट म्हणणार नाही, कारण मातीतून जंत होतात ही त्यांची भीती खरी आहे. पण तिच्यावर उपाय सोपे आहेत. मांजरे आणि कुत्री घाण करतात त्या कोपऱ्यात मुलांना बसू देऊ नये, पायात चपला असाव्यात, नखे कापलेली असावीत आणि बागेतून आल्यावर, तसेच बागेत काही खायला देण्यापूर्वी, साबणाने हात धुवावेत. एक वर्षाच्या पुढच्या मुलांना वर्षातून दोनदा जंतनाशक औषध देण्याची सरकारी मोहीम अंगणवाड्यांमधून आणि शाळांमधून चालते. धाकटीची मात्रा वेगळी असते, म्हणून तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावे. धनुर्वाताच्या संरक्षणासाठी तिचा दीड वर्षाचा बूस्टर झाला आहे ना, तेही एकदा कार्डावर पाहून घ्या. एवढी काळजी घेतली की चिमूटभर माती तोंडात गेल्याने घाबरण्याचे कारण राहत नाही. घरात बसून राहण्याचे तोटे मात्र मोठे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेल्या मार्गदर्शनात म्हटले आहे की एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटे हालचाल व्हावी, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यातली किमान 60 मिनिटे दमवणारी असावीत. सातव्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत हा हिशेब जुळत नाही. शिवाय दिवसाच्या उजेडात बाहेर खेळणाऱ्या मुलांना लांबचे नीट न दिसल्यामुळे चष्मा लागण्याचे प्रमाण कमी असते, असे अनेक देशांतल्या अभ्यासांतून पुढे आले आहे. पण हे आकडे सासूबाईंना ऐकवू नका. त्यांना बागेत बरोबर घेऊन जा. त्यांच्या लहानपणी भातुकलीसाठी लागणारी पाने, करवंट्या आणि खडे त्यांनी अंगणातूनच गोळा केलेले असणार, आणि थोरल्याला लगोरी रचायला शिकवण्याचे काम तुमच्यापेक्षा त्यांनाच चांगले जमेल. बागेला विरोध करणाऱ्या आजी बागेतल्या बाकावर मैत्रिणी मिळाल्यावर स्वतःच पाच वाजता चपला घालून तयार होतात, हे मी दोन-तीन घरांत पाहिले आहे.

रोजची जागा ठरली की आठवड्यातून एकदा टेकडीवर जा. पुण्याला लाभलेल्या टेकड्यांसारखे वैभव फार थोड्या शहरांना मिळाले असेल आणि ते पूर्णपणे विनामूल्य आहे. कोथरूडकरांना तर वेताळ टेकडी अगदी घराशेजारी आहे. शहरातले सर्वांत उंच ठिकाण तेच, आणि माथ्यावर वेताळाचे देऊळ आहे. लहान मुलांबरोबर देवळापर्यंत पोहोचण्याचा आग्रह धरू नका. साडेचार वर्षांचे मूल वीस मिनिटे चढते आणि मग त्याला मुंग्यांचे वारूळ सापडते. तेच त्या दिवसाचे शिखर समजावे आणि तिथेच बसून खाऊ खावा. धाकटीला पाठीवरच्या झोळीत घ्या. टेकडीवर बाबागाडीचा काही उपयोग नाही. टेकडीची खरी गंमत ऋतूंप्रमाणे बदलते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गिरिपुष्पाची झाडे फिकट गुलाबी फुलांनी भरतात आणि पळस-पांगारा पेटलेले दिसतात, उन्हाळ्याच्या अखेरीस पहिला पाऊस पडला की ओल्या मातीतून लाल मखमलीसारखा मृगाचा किडा चालताना दिसतो, आणि श्रावणात अख्खी टेकडी मुलाच्या कमरेइतक्या गवताने झाकली जाते. पहाटे गेलात तर मोरांचा आवाज नक्की कानी पडेल. टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीत पाणी साठते, त्या काठाकडे मात्र मुलांना सोडू नका, आणि पावसाळ्यात मुरमाच्या उतारावर घसरायला होते म्हणून तळाला पकड असलेले बूट हवेत. गुंजेच्या वेलावरच्या लाल-काळ्या बिया आणि पिवळ्या कण्हेरीची फळे मुलांना फार मोहक वाटतात. दोन्ही विषारी आहेत. ‘टेकडीवरचे काहीही तोंडात घालायचे नाही’ एवढा एकच नियम पुरेसा आहे. चढण्याची आवड लागली की पर्वतीला न्या. पर्वतीला 103 पायऱ्या आहेत, आणि नुकतेच आकडे शिकणाऱ्या मुलासाठी त्या मोजत चढण्यासारखा दुसरा आनंद नाही. थोरल्याने मध्येच गल्लत केली तर दुरुस्त करायला जाऊ नका.

मोठ्या, नावाजलेल्या जागांसाठी महिन्यातून एखादा दिवस ठेवा. त्यांतली माझी सर्वांत आवडती जागा म्हणजे रेसकोर्सजवळचे एम्प्रेस गार्डन. सुमारे 39 एकरांचे हे जुने उद्यान दुपारीही उघडे असते, तिकीट थोडे असते आणि तिथे इतकी दाट सावली आहे की एप्रिलच्या दुपारीही चटई टाकून बसता येते. गारंबीच्या जुन्या महाकाय वेलाखाली मुलांना उभे करा. एवढा जाड वेल त्यांनी कधी पाहिलेला नसेल. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला तिथे पुष्पप्रदर्शन भरते, तेव्हा गर्दी फार होते. लहान मुलांना घेऊन जायचे असेल तर सुटीचा दिवस टाळून सकाळीच जावे. जंगली महाराज रस्त्यावरचे संभाजी उद्यान तुम्हाला सर्वांत सोयीचे आहे, कारण वनाज ते रामवाडी या मेट्रो मार्गावर त्याच नावाचे स्थानक आहे. उंचावरून जाणाऱ्या मेट्रोच्या खिडकीतून मुठा नदी पाहणे हाच थोरल्यासाठी अर्धा कार्यक्रम होईल.

सारसबागेजवळच्या पेशवे उद्यानात फुलराणी ही छोटी आगगाडी 1956 सालापासून मुलांना फिरवते आहे आणि आज जे आजोबा नातवाला तिच्यात बसवतात, त्यांतले कित्येक लहानपणी स्वतः तिच्यात बसलेले आहेत. ती अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असते, म्हणून मुलाला वचन देण्यापूर्वी चौकशी करावी. पूर्वी याच उद्यानात वाघ-सिंह होते. पुढे ते प्राणी कात्रजला हलवले गेले आणि तिथले राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुमारे 130 एकरांवर पसरलेले आहे. दोन लहान मुलांबरोबर ते सगळे पाहण्याचा विचारही करू नका. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीतून फेरी मारा, किंवा हत्ती, वाघ आणि सर्पोद्यान एवढेच ठरवून जा, आणि वाघ झोपलेला असेल तर तो झोपलेलाच पाहा. बुधवारी प्राणिसंग्रहालय बंद असते. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या तीनशे वर्षांच्या उद्यानाच्या धर्तीवर उभारलेले आहे आणि अतिशय देखणे आहे, पण ते पाहण्याचे उद्यान आहे, हुंदडण्याचे नाही. हिरवळीवर पळता येणार नसेल तर पावणेदोन वर्षांच्या मुलीला तिथे नेऊन तिचा आणि रखवालदाराचा दोघांचाही अंत पाहू नये. मुलगी चारेक वर्षांची झाली की पाण्यातले मासे दाखवायला आवर्जून न्या.

वेळांविषयी थोडे. मार्च ते मेमध्ये रोजच्या बागेत सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतरच जावे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत डेंग्यूचा विचार करावा लागतो. त्याचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि मावळतीच्या आधी, आणि नेमक्या याच वेळा मुलांच्या खेळाच्या असतात. म्हणून त्या दिवसांत पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पायघोळ विजार घालावी. पाऊस पडून गेल्यावर बाग टाळण्याचे मात्र कारण नाही. एक जुने फडके बरोबर ठेवा, घसरगुंडी आणि झोपाळा पुसून घ्या, आणि डबक्यात उड्या मारू द्या. घरी गेल्यावर कोमट पाण्याची अंघोळ आहेच. बरोबर पाण्याची बाटली, एखादे केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू, कपड्यांचा एक जोड आणि साबणाचा तुकडा असला की झाले. भटकी कुत्री बहुतेक बागांच्या आसपास असतात. मुलाला शिकवा की कुत्रे जवळ आले तर पळायचे नाही, किंचाळायचे नाही, झाडासारखे स्तब्ध उभे राहायचे. चावा किंवा नखाचा ओरखडा जरी लागला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा. हळद किंवा तिखट लावून वाट पाहू नये.

बागेत पोहोचल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे धाकटीला द्या, कारण ती लवकर दमते, आणि तेवढा वेळ थोरल्याला एखादे काम सोपवा : पाच वेगवेगळ्या आकारांची पाने आणायची, किंवा वाळूत किल्ला बांधायला घ्यायचा. दिवाळीच्या आधी तर हा किल्लाच महिनाभर पुरतो. आज माती चाळायची, उद्या तट, परवा हळीव पेरायचे. त्यानंतर धाकटीला मांडीवर किंवा शेजारी घेऊन थोरल्याचा खेळ पाहत बसा. मोबाइल पिशवीतच राहू द्या. निघण्याच्या वेळी ‘चला’ म्हणून एकदम हात धरू नका; ‘आणखी तीन वेळा घसरायचे आणि मग घरी’ असे सांगून ते तीन खरोखरच मोजा. सुरुवातीचे काही दिवस तरीही रडारड होईल. उद्या पुन्हा यायचे आहे, याचा अनुभव आला की ती कमी होते, आणि खेळघरातून परतताना मुले रडायची त्यामागे हेच कारण होते असे मला वाटते : पुन्हा कधी यायला मिळेल, हे त्यांना ठाऊक नसायचे.

शेवटची गोष्ट ठरवलेल्या बागेत काही मोडके आढळले तर काय करायचे याची. तुटलेली साखळी, बाहेर आलेला खिळा, उघडी पाण्याची टाकी दिसली तर मुलांना लगेच तिथून बाजूला घ्या, पहाऱ्यावरच्या माणसाला सांगा आणि त्याच दिवशी छायाचित्र, तारीख व उद्यानाचे नाव घालून क्षेत्रीय कार्यालयाकडे आणि महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा विचारा. रोज येणाऱ्या चार पालकांच्या सह्या त्याखाली असल्या तर काम लवकर होते, आणि त्या चार पालकांशी तुमची ओळखही होते. आठ महिन्यांपूर्वी नव्या शहरात आलेल्या घराला तीही हवीच आहे.